जित्या माणसांचं प्रदर्शन

माझा मुलगा धर्मराज मेलेल्या माणसांचे फोटो रंगवतो. मुलीकडचे लोक विचारतात तेव्हा मी ‘आर्टिस्ट आहे’ असं सांगते. शाळेतल्या नव्या बाईंना ‘पोर्ट्रेट करतो’ म्हणते. पण जालन्यात गांधी चमनपासून मोंढ्यापर्यंत कोणालाही विचारा, तो म्हणेल, “तेराव्याचे फोटो करतो तो धर्मा ना?”

घरात माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी दुकानात येतं. हातात एखादा पासपोर्ट साईझचा फोटो असतो, नाहीतर लग्नातल्या ग्रूप फोटोत मागच्या रांगेतलं नखाएवढं तोंड. त्यातून दोन फूट उंच फोटो तेराव्याच्या आत करून द्यायचा असतो. धर्मा भिंगाखाली तो चेहरा बघतो, पेन्सिलीने चौकोन आखतो आणि एकेक चौकोन मोठा करत जातो. लोकांच्या सूचना चालू असतात. “डोळे मिटले गेलेत, ते उघडा.” “दादांची गालफडं बसल्ती शेवटी शेवटी, ती भरून काढा.” “कोट कधी घातला न्हाई त्यायनं, पण एक घालाच.” धर्मा कोट घालतो. जालन्याच्या निम्म्या घरांत भिंतीवर जे कोटातले शेतकरी आहेत, त्यांचे कोट त्यानेच शिवलेले आहेत.

तो औरंगाबादला चित्रकला शिकत होता. दुसऱ्या वर्षाला असताना, अठ्ठ्याऐंशी साली, त्याचे वडील गेले. दहा दिवसांसाठी आला तो परत गेलाच नाही. मी स्वतः औरंगाबादला राहून बी.ए. केलेलं. मुलींच्या शाळेत नोकरी होती, पगार येत होता. मी पुष्कळ म्हणाले, शिक्षण पुरं कर. तो वडिलांचा फोटो रंगवत बसला होता. तो बघून शेजारच्यांनी त्यांच्या आजोबांचा सांगितला, मग त्यांच्या पाहुण्यांनी. पुढे दुकानच झालं.

आता बारा वाजत आलेत आणि तो अजून आलेला नाही. झोप लागत नाही म्हणून हे लिहायला बसले. शहाण्णव सालच्या प्रदर्शनाबद्दल मला अजूनही लोक विचारतात, आणि प्रत्येकाने ते वेगळंच ऐकलेलं असतं.

त्या सुमारास अंबड चौफुलीकडे नवीन बार निघाले होते. रोलिंग मिल जोरात होत्या, बियाण्याच्या कंपन्या वाढत होत्या, मोंढ्याच्या धान्यबाजारात माल उतरवायला जागा नव्हती. ‘चांदणी’ नावाच्या परमिट रूमचे मालक रामकिसनशेठ यांनी धर्माला भिंतीवर धबधबा रंगवायला बोलावलं. काम आठवड्याचं होतं. धबधबा झाला, रंगाचे डबे घरी आले, आणि धर्मा मात्र रोज संध्याकाळी चांदणीत जायला लागला.

“काय असतं रे तिथं रोज?” मी विचारलं.

“माणसं.”

“माणसं दुकानातही येतात.”

“दुकानात गेलेल्यांची येतात. डोळे सुजलेली.” तो कागद गुंडाळत होता. “आई, पासपोर्टच्या फोटोत सगळे सारखेच असतात. श्वास धरून समोर बघतात. मी आठ वर्षं तेच काढतोय. तिथं कोणी समोर बघत नाही. आणि तास-दोन तास हलत नाहीत.”

“आणि तू काय घेतोस तिथं?”

“सोडा.”

रात्री दार उघडायला मीच जायची. तोंडाला बडीशेपेचा वास असायचा. मी काही बोलायच्या आत तोच म्हणायचा, “बिलासोबत देतात, आई.” देतही असतील. शाळेत पालकसभेला एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, तुमचे चिरंजीव चांदणीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात म्हणे?” मी तिला विचारलं नाही की हे तिला कोणी सांगितलं.

घरात मात्र चित्रं साठत गेली. फ्रेमसाठी आणलेल्या हार्डबोर्डवर तो तेलरंगाने काढायचा. लाल बल्बखालचे, ट्यूबलाइटखालचे चेहरे. अंबडच्या कोर्टात कारकून असलेला वसंता, चष्मा कपाळावर चढवून शेंगदाणे सोलणारा. मिलमधला फोरमन, भाजलेल्या हाताची मूठ टेबलावर ठेवलेला. आणि मोंढ्यातला हमाल कचरू. त्याने एक कोपर टेबलाला टेकवलेलं, खांद्यावर गमजा, पुढे भरलेला ग्लास, आणि तो पलीकडच्या टेबलावरच्या कुणाकडे तरी बघून हसतोय. दात दिसतात, वरचा एक पडलेला तोही दिसतो. हे चित्र माझ्या पलंगासमोर टेकवलेलं असायचं. मला दारूचा तिटकारा आहे, तरी सकाळी उठल्या उठल्या त्याच्याकडे लक्ष जायचं.

धर्माचे औरंगाबादचे सर चित्रकलेच्या परीक्षेसाठी आमच्या शाळेत आले होते. मी त्यांना जेवायला घरी बोलावलं. ते जेवले कमी आणि पलंगामागून चित्रं ओढून बघत राहिले.

“प्रदर्शन कर,” ते म्हणाले.

“मुंबईत?”

“मुंबईत कोण ओळखतं यांना? इथं कर. शेवटच्या दिवशी मी येतो. एक चित्र निवडून मुंबईला राज्य प्रदर्शनासाठी नेतो. त्यात लागलं ना धर्मराज, तर तुझ्या नावामागचं ते तेरावं जाईल.”

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. सत्तावीस वर्षांचा मुलगा. एक चित्र मुंबईत भिंतीवर लागलं तर लोक त्याला काय म्हणतील आणि नाही लागलं तर आयुष्यभर काय म्हणतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

वाचनालयाचा हॉल मिळाला. बियाण्याचे व्यापारी अण्णासाहेब तिथले विश्वस्त. त्यांनी विषय विचारला, धर्मा म्हणाला, “जालन्यातली माणसं.” अण्णासाहेबांना ते आवडलं. त्यांना वाटलं स्वातंत्र्यसैनिक वगैरे असतील.

फ्रेमचं काम ख्वाजामियाँकडे. धर्माच्या सगळ्या फोटोंना तेच फ्रेम करतात. त्यांनी चित्रं घरी आणून दिली तेव्हा धर्मा बघत राहिला. तीच काळी पट्टी, आतून सोनेरी रेघ, वरच्या बाजूला हारासाठी दोन्ही टोकांना लहान खिळे, आणि फोटो भिंतीवरून थोडा पुढे झुकेल अशी मागे दोरी.

“चाचा, ही तर गेलेल्यांची पट्टी.”

“मेरे कू क्या मालूम बेटा? तेरा माल आया, मैं वहीच पट्टी मारा. बरसों से तेरे कू यहीच लगती.” मग चित्रांकडे बघून म्हणाले, “ये सब जिंदा हैं? या अल्लाह. इतने तंदुरुस्त मुर्दे देख के मैं भी सोचा.”

बदलायला वेळ नव्हता. धर्मानेही सवयीप्रमाणे प्रत्येक चित्राखाली पांढऱ्या अक्षरांत नाव घातलं. फक्त जन्म आणि मृत्यूच्या तारखा घातल्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी उद्घाटन झालं. चांदणीतली मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून आली होती. उजेडात त्यांना एकमेकांकडे बघायची सवय नसावी, सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. कचरू आपल्या चित्रासमोर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “दात पडलेला काढलाच का लेका.” वसंता कारकून आपल्या चित्राखालचं नाव वाचून म्हणाला, “हे कोण बुवा? ओळखीचे दिसतात.” अण्णासाहेबांनी फीत कापली, पहिल्या तीन चित्रांपुढून हात जोडून गेले, चौथ्यापाशी त्यांना ग्लास दिसला. मग त्यांनी भाषण आवरतं घेतलं. पाहुण्यांसाठी आणलेले झेंडूचे हार जास्तीचे झाले होते, ते टेबलावर तसेच राहिले.

पुढचं सगळं त्या हारांमुळे झालं. वाचनालयात झाडलोट करणाऱ्या नंदाबाई शुक्रवारी सकाळी आल्या. वाचनालयाच्या भिंतीवर पुढाऱ्यांचे फोटो आहेत. जयंती-पुण्यतिथीला हार घालायचं काम नंदाबाईंचंच. समोर काळ्या पट्टीच्या फ्रेमा, खाली नावं, वर खिळे, टेबलावर हार. त्यांनी पुरतील तेवढ्यांना घातले. धर्मा दुपारी दुकान बंद करून हॉलवर जाईपर्यंत कचरूच्या गळ्यात हार होता, आणि तेवढ्या वेळात तूर विकायला मोंढ्यात आलेला त्याच्या गावचा एक माणूस पाणी प्यायला वाचनालयात येऊन गेला होता.

धर्माने हार काढले. कचरूचा तेवढा राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “बरा दिसत होता, आई. हसणारा माणूस आणि हार. असं कधी बघायला मिळत नाही.”

शनिवारी माझी शाळा सकाळची. सुटल्यावर मी तशीच हॉलवर गेले. पाच-सहा माणसं चित्रं बघत होती. धर्मा दाराजवळच्या टेबलापाशी बसला होता. एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, पायांवर धूळ. मागे धोतरातला एक माणूस आणि दोन म्हाताऱ्या. बाईने सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली आणि ती कचरूवर येऊन थांबली. हाराच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

ती जागच्या जागी खाली बसली आणि रडायला लागली. त्या रडण्यात नावं होती, शेताची, बैलांची, पोराबाळांची. दोन म्हाताऱ्याही बसल्या. चित्रं बघणारी माणसं हातात चपला घेऊन भिंतीकडे सरकली.

धर्मा धावत गेला. “मामी, मामी, ऐका. कचरूमामा आहेत. काही झालं नाही. परवाच इथं येऊन हे बघून गेले.”

बाई रडता रडता थांबली. “कोन बघून गेलं?”

“मामा.”

“सोताच्या मैताचा फोटो सोता बघून गेला?”

धोतरातला माणूस, म्हणजे कचरूचा भाऊ, पुढे आला. “पोरा, शिकलेला दिसतोस. दुःखाचं घर हाय, मस्करी करू नको.”

“मस्करी नाही, काका. मोंढ्यात पोती उतरवतायत ते. आत्ता बोलावतो.”

“मंग हार कोनी घातला?” एक म्हातारी म्हणाली. “जित्याला कोन हार घालतंय फोटोत?”

ख्वाजामियाँ तिथेच होते. ते सायकलवर बसून मोंढ्याकडे गेले. तोवर मी त्या बाईला पाणी दिलं. तिचं नाव केशरबाई. गाव अंबडच्या पुढे, अंकुशनगरच्या वाटेवर. काल संध्याकाळी गावातल्या त्या माणसाने येऊन सांगितलं होतं की कचरूचा मोठा फोटो जालन्यात लागलाय, हार घालून, पुढाऱ्यांच्या शेजारी. रात्रभर घरात माणसं जमली होती. म्हाताऱ्या बांगड्या फोडायला निघाल्या होत्या.

“म्या म्हनलं हात लावू नगा,” केशरबाई पदराने नाक पुसत म्हणाली. “आधी माह्या डोळ्यानं बघते, मंग फोडते. दीड डझन हायेत, संक्रांतीला भरल्यात.” तिने हात पुढे केले. हिरव्या होत्या.

सायकलची घंटी वाजली. कचरू दांडीवर बसून आला. अंगभर तुरीचा भुसा आणि हातात पोती ओढायचा आकडा. दारातच त्याने आपल्या भावाला आणि रडणाऱ्या म्हाताऱ्यांना बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं? कोन गेलं?”

केशरबाईने मान वर केली. “तू.”

मग केशरबाई उठली, चित्राजवळ गेली, हार ओढून काढला आणि कचरूच्या छातीवर फेकला.

“अमावस्येला काहून आला न्हाईस?”

“माल लई आल्ता.”

“अमावस्येला मोंढा बंद असतोय. मला शिकवून राह्यला का?”

“येनारच व्हतो. गाडी चुकली.”

“सगळ्या गाड्या?” तिने चित्राकडे बोट केलं. “आन् ह्यो पेला कशाचा म्हनायचा?”

कचरूने चित्राकडे बघितलं, धर्माकडे बघितलं. “सोडा,” तो म्हणाला.

हॉलमधली माणसं हसली, भाऊही हसला. मी धर्माकडे बघितलं. तो हसत नव्हता, खाली वाकून झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होता.

रडारडीची बातमी अण्णासाहेबांपर्यंत गेली होती. ते गाडीतून उतरले ते बोलतच. “धर्मराज, बंद करा हे. वाचनालय आहे का स्मशान? मला जालन्यातली माणसं सांगितली होती तुम्ही.”

“जालन्यातलीच आहेत, अण्णासाहेब.”

“वाद नको. आत्ता उतरवा.”

“उद्या सर यायचेत औरंगाबादहून. उद्या संध्याकाळी उतरवतोच आहे.”

“आत्ता.”

मी काहीतरी बोलले, शाळेचं नाव घेतलं, विनंती केली. अण्णासाहेबांनी बाई म्हणून मान दिला आणि ऐकलं काहीच नाही. तेव्हा केशरबाईच मध्ये आली.

“बंद कशाला करायचं? येवढं माह्या मालकाचं नाव झालंय जालन्यात. फकस्त जिता मानूस भितीला टांगत्यात का? ते आधी उतरवा खाली.”

“खाली जमिनीवर? पाय लागतील, मामी.”

“जिमिनीवर काहून? खुर्च्या हायेत की. पाव्हना आला तर त्याला बसवत्यात का खुंटीला अडकवत्यात?”

उद्घाटनाच्या लोखंडी खुर्च्या कोपऱ्यात घड्या करून ठेवल्या होत्या. तिने स्वतः एक उघडली. धर्माने कचरूला खिळ्यावरून काढलं आणि त्या खुर्चीवर टेकवलं. कचरू आणि केशरबाई दोघांनी बघितलं. “आता हाय बराबर,” ती म्हणाली.

अण्णासाहेबांची हरकत रडारडीला होती आणि रडारड तर थांबली होती. “उद्यापर्यंत,” ते म्हणाले आणि गेले. थोड्या वेळात जवळच राहणारी वसंता कारकुनाची बायको गोजरबाई आली. नवऱ्याला हार घातल्याचं तिलाही कुणीतरी सांगितलं होतं. “आमचंबी बसवा,” ती म्हणाली. “आन् त्यायला विचारा, कोर्टातून सहाला सुटनारा मानूस घरी दहाला कसा येतो. फोटोच सांगून राह्यला की.”

धर्माने मग सगळीच उतरवली. आधी रांगेत मांडली. ते त्याला पटलं नाही. दोन-दोन, चार-चार खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या, जशा चांदणीत टेबलाभोवती असतात. अंधार पडेपर्यंत तो खुर्च्या इंचाइंचाने सरकवत होता. बघायला आलेल्यांना आता वाकावं लागत होतं, नाहीतर शेजारी रिकामी खुर्ची ओढून बसावं लागत होतं. काही जण बसलेही. फोरमनशेजारी बसलेला एक माणूस नकळत त्याच्यासारखीच मूठ टेबलाऐवजी गुडघ्यावर ठेवून होता.

शेवटची अंबड गाडी गेली होती. भाऊ आणि म्हाताऱ्या कचरूबरोबर तो राहायचा त्या गोडाऊनवर गेल्या, केशरबाईला मी घरी आणलं. भाकरी तिनेच थापल्या, माझ्या तिला पातळ वाटल्या असाव्यात.

“तुमचं लेकरू पितं का बाई?” तिने परातीवरून मान न उचलता विचारलं.

“सोडा पितो म्हणतो.”

“आमचाबी तेच म्हनला.”

“हो. ऐकलं मी.”

तिने भाकरी तव्यावर टाकली. मला बरं वाटेल असं काही तिच्याकडे नव्हतं आणि तिला बरं वाटेल असं माझ्याकडे नव्हतं. आम्ही जेवून घेतलं.

रविवारी दुपारी सर आले. हॉलच्या दारातच थांबले आणि एकेका चित्रापुढे वाकत खुर्च्यांमधून फिरले. मग कचरूसमोर रिकाम्या खुर्चीवर बसले. आम्ही सगळे उभे होतो.

“ही मांडणी कुणाची?” त्यांनी विचारलं.

“मामींची,” धर्मा म्हणाला आणि केशरबाईकडे बोट केलं. सरांना ती गंमत वाटली.

“धर्मराज, हेच चित्र. दुसरं बघायची गरज नाही. आज माझ्यासोबत दे, मंगळवारी माझा माणूस मुंबईला जातोय.”

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मनातल्या मनात मी सगळ्या शाळेला पेढे वाटून मोकळी झाले होते.

“कुठं न्यायचं म्हनत्यात?” केशरबाईने कचरूला विचारलं.

“मम्बईला.”

“कशाला?”

सरांनी तिला समजावून सांगितलं. मोठं प्रदर्शन आहे, राज्यभरातून चित्रं येतात, तिथे महिनाभर लागतं, हजारो लोक बघतात.

“लागतं म्हंजी? भितीवर?”

“हो, भिंतीवरच.”

“मम्बईत खुर्च्या न्हाईत का?”

सर हसले. “तिथला तसा नियम आहे, बाई.”

“मंग न्हाई न्यायचं,” केशरबाई म्हणाली. “एकदा टांगला तर गावभर मढं उठलं. आता मम्बईत टांगा आन् हजार मानसं बघू द्या. ह्यो घरी चालला माह्यासंगं, आन् फोटोबी.”

“चित्र धर्मराजचं आहे.”

“मानूस माहा हाय.”

सर धर्माकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, “त्यांना सांग, नंतर परत देतो. हे असं चित्र पुन्हा पुन्हा होत नसतं. तुला कळतंय ना काय सोडतोयस?”

मीही पुढे झाले. “केशरबाई, एका महिन्याचा प्रश्न आहे. याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“बाई,” ती म्हणाली, “परवा रातच्याला तुमी माह्या घरी असायला पायजे व्हतं.”

कचरू मध्येच म्हणाला, “अगं जाऊ दे की मम्बईला. मला काय व्हतंय?”

“तुला काय व्हायचं? तू मेल्ता तवाबी तुला कळलं न्हाई.”

धर्मा बराच वेळ त्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता. मग त्याने चित्र उचललं. मागची दोरी कापून टाकली, वरचे दोन खिळे पक्कडीने उपटले आणि फ्रेम केशरबाईच्या हातात दिली. सरांनी कपाळावर हात मारला. पण ते भले गृहस्थ, रिकाम्या हाताने गेले नाहीत. वसंता कारकुनाचं चित्र नेलं. गोजरबाईने लगेच होकार दिला, मुंबईत का होईना, नवरा संध्याकाळी एका जागी असेल म्हणाली. ते चित्र मुंबईत निवडलं गेलं नाही. दोन महिन्यांनी परत आलं, एक कोपरा उडालेला.

संध्याकाळच्या अंबड गाडीवर आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. कचरूने चित्राला गमजा गुंडाळला होता आणि सवयीने पोत्यासारखं पाठीवर घेतलं होतं. दारात कंडक्टरने अडवलं.

“काय हाय? आरसा का?”

“न्हाई,” कचरू म्हणाला, “मीच हाव.”

केशरबाई खिडकीत बसली, चित्र मांडीवर उभं धरून. मी विचारलं, “घरी कुठे ठेवणार आता?”

“पेटीत. लुगड्यात गुंडाळून.” तिने कचरूकडे मान वळवली. “ह्याची येळ आली की काढीन. तवा लावीन भितीवर. आयता तयार हाय, तेराव्याला पळापळ न्हाई.”

“माह्या समोर बोलून राह्यली,” कचरू कंडक्टरला म्हणाला. “समोर!”

“पाठीमागं बोलाया तू घरी कवा असतो?”

गाडी हलली. आम्ही स्टँडच्या बाहेर आलो. दुपारपासून मी जे गिळून बसले होते ते बाहेर आलं. म्हणाले, “का दिलंस? सर नंतर परत देतो म्हणत होते. तिने ऐकलं असतं, अजून थोडं समजावलं असतं तर.”

“ऐकलं असतं,” धर्मा म्हणाला.

“मग?”

“मी भिंतीवर लावायच्या आधी कुणाला विचारलं होतं, आई?”

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. नोकरीचं, लग्नाचं, वयाचं. तो म्हणाला, तू रिक्षाने पुढे हो, अण्णासाहेबांना हॉल रिकामा करून द्यायचाय, खुर्च्या मंडपवाल्याच्या आहेत. रस्ता ओलांडून तो वाचनालयाच्या दिशेने गेला. मी वळून बघितलं नाही, कारण त्याच रस्त्याने पुढे चांदणीही लागते.